पहिल्या प्रयोगाची नोंद होते, परंपरा दुसऱ्यापासून सुरू होते: नव्या संगीतरचना आणि त्या उचलून धरणारे वाद्यवृंद-संचालक

१/२२
खानदेशात ‘कंडक्टर’ म्हटले की एसटीची घंटी आठवते. आजच्या थ्रेडमधले कंडक्टर निराळे आहेत. शंभर वादकांपुढे उभे राहून, स्वतः एकही वाद्य न वाजवता, ते सारे संगीत घडवून आणतात. आपण त्यांना वाद्यवृंद-संचालक म्हणू. त्यांच्यातही जे आपल्या हयातीतील संगीतकारांच्या कोऱ्या रचना रंगमंचावर आणतात, त्यांच्याविषयी हा थ्रेड आहे. मुंबईत हे कोणी केले, कोठवर नेले आणि ते कोठे थांबले, हा इतिहास येथे मांडतो. त्यासोबत माझे मतही आहे. ते असे: नवी रचना एकदा वाजवणे हा सोहळा असतो. ती पुन्हा पुन्हा वाजवणे हे खरे पाठबळ. आपण सोहळे पुष्कळ केले, पाठबळ फार थोडे दिले.

२/२२
प्रथम संचालक काय करतो ते पाहू. सावद्याच्या लग्नसराईत बँडपथक पाहिलेल्याला हे समजणे अवघड नाही. बँडमास्तर क्लॅरिओनेट ओठांवरून काढून हात वर करतो आणि ढोल, ट्रम्पेट, झांजा एका क्षणी थांबतात. कोणी किती जोरात वाजवायचे, कोणत्या वळणावर लय वाढवायची, हा निर्णय त्याचा. सिंफनी ऑर्केस्ट्रात हेच काम अनेक पटींनी गुंतागुंतीचे होते. प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याची स्वरलिपी असते. सर्व वाद्यांची एकत्र लिपी, म्हणजे ‘स्कोर’, केवळ संचालकापुढे असतो. म्हणून संपूर्ण रचना एका वेळी डोळ्यांपुढे असणारा मंचावरील तो एकटाच माणूस.

३/२२
बेथोव्हेनची रचना असेल तर वादकांनी ती पूर्वी वाजवलेली असते, श्रोत्यांनी ऐकलेली असते, ध्वनिमुद्रणेही उपलब्ध असतात. नव्या रचनेच्या मागे असा कोणताच आधार नसतो. स्वरलिपीच्या नकला नव्याने कराव्या लागतात, त्यांतील चुका तालमीतच सापडतात. तालमीला अधिक वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा. शिवाय तिकीट काढणारा श्रोता अपरिचित नावापुढे बिचकतो. त्यामुळे नवी रचना कार्यक्रमात घेणारा संचालक स्वतःची पत पणाला लावत असतो. रचना पडली तर लोक संगीतकाराला विसरून जातात. संचालकाला मात्र पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात, त्याच श्रोत्यांपुढे उभे राहायचे असते.

४/२२
याचे प्रसिद्ध उदाहरण पॅरिसचे. २९ मे १९१३ रोजी स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. प्रेक्षागृहात इतका गोंगाट उसळला की नर्तकांना संगीत ऐकू येईना. संचालक पिएर माँतो यांनी छडी खाली ठेवली नाही आणि रचना शेवटपर्यंत नेली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. एप्रिल १९१४ मध्ये त्याच माँतो यांनी त्याच शहरात ती रचना नृत्याविना, केवळ वाद्यवृंदासाठी पुन्हा वाजवली. या वेळी श्रोत्यांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर उचलून घेतले. रचनेचे संगीत तेच होते, संचालकही तोच होता. फरक एवढाच की कोणीतरी ती दुसऱ्यांदा वाजवण्याचा हट्ट धरला होता.

५/२२
दुसरे उदाहरण बॉस्टनचे. सर्ज कुसेवित्स्की १९२४ ते १९४९ या काळात बॉस्टन सिंफनीचे संचालक होते. समकालीन संगीतकारांकडून रचना मागवणे हा त्यांच्या कारकिर्दीचा कणाच होता. १९४३ मध्ये हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक न्यूयॉर्कच्या रुग्णालयात खंगत पडले होते. कुसेवित्स्की तेथे गेले आणि त्यांनी नव्या रचनेचे काम दिले. त्यातून ‘कन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ जन्मली. १ डिसेंबर १९४४ रोजी ती प्रथम वाजली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बॉस्टनकरांना पुन्हा ऐकवली गेली. सप्टेंबर १९४५ मध्ये बार्टोक वारले. आज ही विसाव्या शतकातील सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक आहे.

६/२२
हे सारे परके वाटत असेल तर मराठी रंगभूमीकडे या. आपल्या भाषेत ‘प्रयोग’ हा शब्द नाटकाच्या सादरीकरणालाही वापरतात आणि नवे काही करून पाहण्यालाही. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखले यांच्या. त्या काळी या चाली कोऱ्याच होत्या. बालगंधर्वांनी त्या गावोगावी, रात्रीमागून रात्री गायल्या, म्हणून त्या मराठी माणसाच्या कानात घर करून राहिल्या. ज्यांच्या संगीतशिक्षणाचा आरंभ आपल्या जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झाला, तेच हे बालगंधर्व. नाटकाच्या जाहिरातीत आपण आजही प्रयोगांचा आकडा अभिमानाने छापतो. सातत्याचे मोल आपल्याला ठाऊक होते. वाद्यवृंदाच्या बाबतीत मात्र ते आपण विसरलो.

७/२२
आता मुंबई. १९३४ मध्ये वॉल्टर कॉफमन नावाचा तरुण ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत उतरला. जन्म बोहेमियातील कार्ल्सबादचा, शिक्षण बर्लिन आणि प्रागमधले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. मुंबईत येताच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. त्याच्याबरोबर व्हायोलिन वाजवणाऱ्यांत एक पारशी तरुण होता, मेहली मेहता. याच मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. कॉफमन भारतीय रागांचा अभ्यास करत होता आणि त्या अभ्यासातून स्वतःच्या नव्या रचना लिहीत होता. मुंबईत हयात संगीतकार, त्याच्या ताज्या रचना आणि त्या वाजवणारे वादक असे तिन्ही काही काळ एकाच शहरात नांदले.

८/२२
कॉफमन पुढे ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. आकाशवाणीची सकाळची ती ओळखधून, तंबोऱ्यावर तरंगणारे व्हायोलिनचे शिवरंजनीचे सूर, सर्वसाधारणपणे त्याच्याच नावावर सांगितली जाते. आकाशवाणी जळगाव लावून अंगण झाडणाऱ्या, केळीच्या बागेत पाण्याची पाळी द्यायला निघालेल्या कितीतरी पिढ्यांनी ती ऐकली. ही धून परक्या संगीतकाराची, असे कोणाच्या मनातही आले नाही. आता याच माणसाने मुंबईत लिहिलेल्या चतुष्कांकडे आणि सोनाटिनांकडे पाहा. त्या थोड्या वेळा वाजल्या आणि कपाटात गेल्या. धून रोज वाजली म्हणून ती आपली झाली. इतर रचना वाजल्या नाहीत म्हणून त्या कोणाच्याच झाल्या नाहीत.

९/२२
माझ्या मताचा सर्वांत भक्कम पुरावा मला येथेच दिसतो. दोन्हींचा कर्ता एक, काळ एक, शहर एक. बदलली ती फक्त आवृत्तींची संख्या. चतुष्कापेक्षा छोटी धून लक्षात राहणे सोपे, हे मान्य. पण लक्षात राहण्यापूर्वी ती कानावर पडावी लागते. १९४५ मध्ये मेहली मेहता अधिक शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. १९४६ मध्ये कॉफमननेही भारत सोडला. पुढे तो कॅनडात विनिपेग सिंफनीचा संचालक झाला आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. त्याच्या चेंबर रचनांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण टोरंटोच्या एआरसी एन्सेम्बलने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या मृत्यूला तोवर ३६ वर्षे लोटली होती.

१०/२२
दुसरा अध्याय गोव्यातून येतो. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक मुंबईला गोव्याने पुरवले. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणावर या वादकांवर उभा होता. संगीतकार चाल देई. ती चाल पन्नास वाद्यांत वाटून, लिहून, ध्वनिमुद्रणाच्या वेळी संचालन करण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांसारखे ‘अरेंजर’ करत. या माणसांची नावे श्रेयनामावलीत बहुधा येत नसत, आली तरी ‘सहायक’ म्हणून. इतिहासप्रेमींनी ही नावे पाठ करावीत असे मला वाटते.

११/२२
अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गाव साष्टी तालुक्यातील माजोर्डा. मुंबईत ते व्हायोलिनवादक म्हणून आले, अरेंजर झाले, शिक्षक झाले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन या दोघांनी त्यांच्याकडे धडे घेतले. पण त्यांचे स्वप्न चित्रपटापलीकडचे होते. हिंदुस्थानी रागांची सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी नवी मांडणी करावी, हे ते स्वप्न. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ जमवला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात आपल्या रागाधारित रचना सादर केल्या. गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

१२/२२
त्या प्रांगणाची कल्पना करा. स्टुडिओत तीन मिनिटांच्या गाण्यासाठी वाजवणारे वादक आता राग सारंगावरील कन्सर्टो वाजवत आहेत आणि ज्याने तो लिहिला तोच त्यांचे संचालन करीत आहे. यापुढे काय व्हायला हवे होते? कायमचा वाद्यवृंद, दरवर्षी ठरलेले कार्यक्रम, छापील स्वरलिप्या, दुसऱ्या संचालकांनी त्या हाती घेणे. यातले काहीच टिकाऊ स्वरूपात घडले नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परतून गोव्यात शांतपणे राहिले. २०१२ मध्ये ते वारले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूंचे नाव गुंफले. देशाला नाव पाठ झाले, रचना मात्र ऐकायला मिळाल्या नाहीत.

१३/२२
१९५८ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. मेहलींचा मुलगा झुबिन (जन्म २९ एप्रिल १९३६, मुंबई) याच सेंट झेवियर्समधील वैद्यकीय पूर्वशिक्षण सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला होता. हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकून त्याने १९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय संचालक स्पर्धा जिंकली. एकाच वर्षी एक मुंबईकर संचालक परदेशात पहिले पाऊल टाकत होता आणि दुसरा मुंबईतच नवे काही उभारू पाहत होता. पहिल्याला माँट्रियल (१९६१-६७), लॉस एंजेलिस (१९६२-७८) आणि न्यूयॉर्क (१९७८-९१) येथील कायमस्वरूपी वाद्यवृंद मिळाले. दुसऱ्याला एक प्रांगण मिळाले. दोघांच्या प्रतिभेची तुलना मी करीत नाही. त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या संस्थांची करतो आहे.

१४/२२
झुबिन मेहतांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा ‘पहिला भारतीय’ या दोन शब्दांत संपते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा अधिक कसाचा भाग दुसरा आहे. १५ मे १९७० रोजी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसारखा प्रतिष्ठित वाद्यवृंद घेऊन ते विद्यापीठाच्या क्रीडागृहात उभे राहिले. सोबत होता रॉक संगीतकार फ्रँक झप्पा आणि त्याचा ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा चमू. झप्पाची ‘टू हंड्रेड मोटेल्स’ ही रचना त्या रात्री वाजली. काहींनी नाके मुरडली. पण हजारो तरुण, जे एरवी सिंफनीच्या वाटेला गेले नसते, ते त्या रात्री तेथे होते.

१५/२२
एप्रिल १९८१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने मेहतांच्या संचालनाखाली पंडित रविशंकर यांचा दुसरा सतार कन्सर्टो, ‘रागमाला’, प्रथम सादर केला. वाद्यवृंदानेच तो लिहवून घेतला होता. ललित, बैरागी, यमनकल्याण आणि मियाँ की मल्हार असे त्याचे चार भाग. अडचणी पाहा. सतारीचा नाद नाजूक, ऑर्केस्ट्राचा प्रचंड. सतारिया ऐनवेळी विस्तार करणार, वादक मात्र लिहिलेल्या मात्रा मोजत बसणार. तालाचे आवर्तन आणि स्वरलिपीतील पट्ट्या यांची जुळणी संचालकालाच करायची. पहिला कन्सर्टो १९७१ मध्ये आंद्रे प्रेविन यांनी लंडनला वाजवला होता. मेहतांनी ‘रागमाला’ प्रथम प्रयोगावर सोडून दिली नाही, पुढे लंडन फिलहार्मोनिकसह तिचे ध्वनिमुद्रणही केले. म्हणून ती आज आपण ऐकू शकतो.

१६/२२
त्याच काळातील आणखी नोंदी. १ मे १९८० रोजी पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांची दुसरी सिंफनी मेहतांनी न्यूयॉर्कमध्ये जगापुढे आणली. १९८३ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ‘होरायझन्स’ या नावाने समकालीन संगीताचे महोत्सव भरवले. त्यामागे वाद्यवृंदाचे निवासी संगीतकार जेकब ड्रकमन होते आणि मुख्य संचालक मेहता. ५ नोव्हेंबर १९९२ रोजी फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांची अखेरची मोठी रचना, अकरा भागांची ‘एक्लेर’, मेहतांनीच प्रथम वाजवली. मेसियाँ त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. ज्याने ती लिहिली त्याला ती ऐकता आली नाही. ती आवाजात उतरवण्याची सारी जबाबदारी संचालकावर होती.

१७/२२
येथे प्रामाणिक आक्षेप घेता येईल. मेहतांची ख्याती ब्राम्स, ब्रुकनर, माहलर, रिखार्ड स्ट्राउस यांसाठी आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या आधीचे पिएर बुलेझ नव्या संगीताचे याहून कडवे पुरस्कर्ते होते. आक्षेप खरा आहे. तरीही मला मेहतांचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते. बुलेझ स्वतः नव्या संगीताचे रचनाकार, त्यांचा तो धर्मच होता. मेहता मूळचे जुन्या भांडाराचे उपासक. अशा माणसाने आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या जुन्या श्रोत्यांपुढे, जुन्याच्या शेजारी नवे ठेवले. नव्याला सर्वाधिक गरज असते ती अशा मध्यस्थाची. पटलेल्यांच्या मंडळात नवे वाजवणे सोपे. न पटलेल्यांपुढे वाजवायला धैर्य लागते.

१८/२२
दुसरा आक्षेप आपल्याकडचा. ‘ऑर्केस्ट्रा हे आपले संगीतच नव्हे, मग त्याची काळजी आपण का करावी?’ ज्या हार्मोनियमवर गोविंदराव टेंबे अजोड मानले गेले ते वाद्य युरोपातून आले. दक्षिणेत कर्नाटक संगीताने व्हायोलिन असे आत्मसात केले की ते परके होते हेच विसरले गेले. आपल्या बँडपथकातील क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट तरी कोठले? सततच्या वापराने वाद्य आपले होते. खानदेशातील नवरदेव पिढ्यान्‌पिढ्या ट्रम्पेटच्या सुरांत पारावर उतरला आहे. ते आपले नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? परकेपणा वाद्यात नसतो. आपण त्यासाठी नवे लिहिणे थांबवले की तो परकेपणा पुन्हा येऊन बसतो.

१९/२२
आता तिसरा अध्याय. २००६ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाटक केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. गोन्साल्विसांना जे मिळाले नाही ते, म्हणजे कायमची संस्था आणि स्वतःचे सभागृह, अखेर शहराला मिळाले. या वाद्यवृंदाने उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ हा कन्सर्टो लिहवून घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राने तो वाजवला आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात मुंबईच्याच वादकांनी तो तेथे ऐकवला. हा दुसऱ्या, तिसऱ्या प्रयोगाचा खरा अर्थ.

२०/२२
१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले आणि प्रश्न पुन्हा समोर आला. ज्याच्या बोटांसाठी रचना लिहिली तो नसताना ती जगेल का? जगेल, जर एखादा तरुण तबलावादक ती शिकेल आणि एखादा संचालक त्याच्यासाठी ती पुन्हा कार्यक्रमात घेईल. सावद्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. केळीचे खोड एकदाच घड देते, मग तोडले जाते. बाग टिकते ती बुंध्याशी राखलेल्या पिलावर. कॉफमनच्या, गोन्साल्विसांच्या बागेला घड धरला होता. पील राखायला कोणी नव्हते.

२१/२२
म्हणून माझ्या तीन मागण्या. पहिली: सार्वजनिक वा खासगी आश्रयावर चालणाऱ्या प्रत्येक वाद्यवृंदाने दरवर्षी किमान एक नवी भारतीय रचना घ्यावी आणि ती तीन वेगवेगळ्या शहरांत वाजवावी. त्यांतील एक शहर मुंबई-पुण्याबाहेरचे असावे. जळगाव का नसावे? दुसरी: मागवलेल्या रचनेची स्वरलिपी छापावी, म्हणजे दुसऱ्या संचालकाला ती हाती घेता येईल. तिसरी: गोन्साल्विस आणि इतर अरेंजरांचे हस्तलिखित कागद जेथे उरले असतील तेथून गोळा करून त्यांच्या प्रती कराव्यात आणि निदान एकदा तरी त्या पुन्हा वाजवाव्यात. कागद जपणे हे ग्रंथालयाचे काम झाले. संगीत जपण्यासाठी ते वाजवावे लागते.

२२/२२
आणि इतिहास वाचणाऱ्या तुम्हा तरुण मित्रांसाठी एक काम. ‘पहिला’ हा शब्द दिसला की तेथे थांबू नका, दुसरा केव्हा झाला तेही विचारा. आपल्या गावातील जुन्या बँडमास्तरांकडे, भजनी मंडळांकडे, बंद पडलेल्या संगीतशाळांकडे हाताने लिहिलेल्या वह्या असतात. कोणत्या वर्षी, कोणाची चाल, कोणी बसवली, किती वेळा वाजवली, एवढे लिहून घेतले तरी तो अस्सल दस्तऐवज होईल. या वह्या रद्दीत जाण्याचे दिवस आत्ताचेच आहेत. रचनाकारांची चरित्रे आपण पुष्कळ लिहितो. ज्यांनी त्यांच्या रचना दुसऱ्यांदा वाजवल्या, त्यांच्या नोंदी ठेवायला आता आरंभ करू या. तुमच्या गावात अशी वही असेल तर खाली गावाचे नाव लिहा.